अपडेटनंतर अडलेला कार्यालयीन संगणक पूर्ववत करताना

विंडोजची मासिक अपडेट्स मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, किंवा त्यांच्याकडे हिवाळी वेळ चालू असेल तर साडेअकरा. म्हणजे अपडेटमध्ये काही खोट असलीच, तर आपल्या कार्यालयांना ती सर्वांत आधी बुधवारी सकाळी, ९ ते १५ या तारखांच्या दरम्यान जाणवते. करसल्लागाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या कार्यालयात नेमक्या याच दिवसांत ११ तारखेचे जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) आणि १५ तारखेचा भविष्यनिर्वाह निधीचा भरणा तोंडावर आलेला असतो. अशा वेळी संगणक सुरू झाला नाही किंवा डिजिटल सहीचे टोकन (सहीचे प्रमाणपत्र ठेवणारे पेन ड्राइव्हसारखे उपकरण) ओळखेनासे झाले, तर कोणीतरी "फॉरमॅट मारून टाका" (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवा) असा सल्ला देतो आणि घाईघाईत तो अमलातही येतो. माझ्या मते हा या प्रसंगातला सर्वांत महागडा सल्ला आहे, कारण बिघाड बहुधा एका लहानशा बदलात असतो आणि फॉरमॅटमुळे त्याच्यासोबत दहा वर्षांची घडी मोडते.

कार्यालयात 'तुला कॉम्प्युटरमधले कळते ना' एवढ्याच आधारावर हे काम ज्यांच्या गळ्यात पडते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणे विंडोज १० आणि ११ यांची घेतली आहेत. पायऱ्यांचा क्रम सहज मागे घेता येईल अशा उपायापासून मागे घेता न येणाऱ्या उपायाकडे जातो. तो बदलू नये, ही एवढीच विनंती.

आधी हात आवरावा

पहिला प्रश्न असा की अपडेट खरोखर बिघडले आहे की अजून चालूच आहे? जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकावर मोठे अपडेट बसायला तास-दोन तास सहज लागू शकतात आणि टक्क्यांचा आकडा मधेच बराच वेळ एका जागी थांबतो. कॅबिनेटवरचा डिस्कचा लहान दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे असे समजून थांबावे. या अवस्थेत पॉवरचे बटण दाबून धरणे म्हणजे अर्धवट बदललेल्या फायली तशाच सोडून देणे होय. ज्या गावात वीज जाण्याची शक्यता आहे, तिथे यूपीएसची बॅटरी किती वेळ तग धरेल याचाही अंदाज घ्यावा. तीन-चार तास उलटूनही आकडा हलला नाही आणि दिवाही निपचित पडला, तरच बटण दाबून संगणक बंद करावा.

थांबलेला वेळ वाया घालवू नये. पडद्यावर जे दिसत आहे, त्याचा मोबाइलवर फोटो काढावा. निळ्या स्क्रीनवरचा त्रुटीचा कोड, मधेच आलेली खिडकी, तिच्यातले नेमके शब्द हे सर्व नंतर शोधताना लागते आणि आठवणीतून ते कधीच अचूक सांगता येत नाही. मग संगणक वापरणाऱ्या व्यक्तीला शांतपणे विचारावे की काल संध्याकाळी बंद करताना सर्व ठीक होते का, एखादा प्रोग्रॅम अपडेट करण्यासाठी 'यस' दाबले होते का, नवा प्रिंटर किंवा टोकन जोडले होते का. विचारण्याचा सूर उलटतपासणीचा नसावा. चूक आपल्यावर येईल असे वाटले की माणसे नेमका हाच तपशील गाळतात.

पुढे कार्यालयातले इतर संगणक पाहावेत. सर्वांवर एकच तक्रार असेल, तर कारण बहुधा अपडेटमध्येच आहे. एकाच संगणकावर असेल, तर त्या संगणकातील एखादा जुना ड्रायव्हर (उपकरण चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) किंवा प्रोग्रॅम नव्या अपडेटशी जुळत नाही, असा कयास करता येतो. जे संगणक अजून ठीक चालत आहेत, त्यांच्यावर 'सेटिंग्ज'मधील 'विंडोज अपडेट' उघडून अपडेट्स आठवडाभरासाठी 'पॉज' करून ठेवावीत. आगीला लाकूड पुरवत राहून ती विझवता येत नाही.

नेमके काय बदलले

संगणक सुरू होत असेल, तर उपायाआधी हे शोधण्यासाठी अर्धा तास द्यावा. सर्वसामान्यपणे बदल तीन ठिकाणांहून येतो. पहिला विंडोजच्या स्वतःच्या अपडेटमधून, दुसरा प्रिंटर, ग्राफिक्स, वायफाय यांच्या ड्रायव्हरमधून, आणि तिसरा अँटिव्हायरस, अकाउंटिंग प्रोग्रॅम, ब्राउझर अशा बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून. पडद्यावर दिसणारे लक्षण तिन्हींचे सारखे असू शकते, पण औषध वेगळे असते. 'विंडोज अपडेट'मध्ये 'अपडेट हिस्टरी' नावाची यादी असते आणि तिच्यात फीचर (विंडोजची आवृत्ती बदलणारे), क्वालिटी (मासिक), ड्रायव्हर अशा गटांत प्रत्येक अपडेट तारखेसह नोंदलेले असते. तिथला केबीने सुरू होणारा सात आकड्यांचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. पुढचा सगळा शोध त्या क्रमांकावर चालतो.

यादीत काहीच संशयास्पद दिसले नाही, तर स्टार्ट मेन्यूत रिलायबिलिटी हा शब्द टाइप करून 'रिलायबिलिटी हिस्टरी' उघडावी. हे साधन विंडोजमध्ये अनेक वर्षांपासून असूनही फार थोड्या लोकांना माहीत आहे. त्यात दिवसांची एक पट्टी दिसते आणि कोणत्या दिवशी कोणता प्रोग्रॅम बसला, कोणता कोसळला, हे लाल खुणांसह एका नजरेत समजते. लाल खुणा मंगळवारपर्यंत नाहीत आणि बुधवारपासून रोज आहेत, असे दिसले की अर्धे निदान झाले.

बाहेरच्या सॉफ्टवेअरकडे दुर्लक्ष का करू नये, याचे सर्वांत ठळक उदाहरण १९ जुलै २०२४ चे आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे त्या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. निळी स्क्रीन विंडोजची होती, म्हणून अनेकांनी दोष विंडोज अपडेटला दिला. विंडोजचे अपडेट काढून त्या दिवशी काहीही साधले नसते. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त अत्यावश्यक ड्रायव्हरांसह सुरू करून, त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरातील एक फाइल पुसणे एवढाच उपाय होता.

केबी क्रमांक हाती आला की मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील त्या अपडेटचे पान वाचावे. त्यात ज्ञात अडचणींचा विभाग असतो. ९ मार्च २०२१ रोजी विंडोज १० साठी आलेल्या केबी ५०००८०२ या अपडेटनंतर क्योसेरा, रिको, झेब्रा अशा काही प्रिंटरांना छपाईची आज्ञा देताच निळी स्क्रीन येऊ लागली. ते अपडेट काढले की छपाई पुन्हा होत असे, आणि १५ मार्चला दुरुस्तीचे स्वतंत्र अपडेट आले. ज्यांनी क्रमांक शोधला, त्यांचे काम अर्ध्या तासात झाले. ज्यांनी प्रिंटरच बदलायला काढला, त्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको. काही वेळा मायक्रोसॉफ्ट अपडेटमधला दोषी भागच दुरून बंद करते आणि तो बदल साधारण एका दिवसात आपल्या संगणकापर्यंत पोहोचतो. ज्ञात अडचणींमध्ये तसे लिहिलेले आढळले, तर इंटरनेट चालू ठेवून संगणक एक-दोनदा रीस्टार्ट करणे पुरेसे ठरू शकते.

संगणक सुरू होतो, पण काम होत नाही

ही त्यातल्या त्यात बरी अवस्था आहे. तक्रार एखाद्या उपकरणाची असेल, तर ड्रायव्हरपासून सुरुवात करावी. स्टार्टच्या चिन्हावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा, ते उपकरण शोधावे, त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'ड्रायव्हर' या टॅबवर जावे आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबावे. बटण फिकट दिसत असेल, तर जुना ड्रायव्हर संगणकाकडे शिल्लक नाही. मग उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा आणि आपल्या विंडोजचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. ड्रायव्हर फुकट देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांच्या वाटेला जाऊ नये, कारण तिथून बरोबर काय काय येईल याचा भरवसा नसतो.

डिजिटल सहीच्या टोकनबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. टोकन ओळखले जात नाही म्हणून त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसेल ते बटण दाबण्याचा मोह होतो आणि त्यात 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट टोकन' असेही बटण असते. ते दाबल्यास टोकनमधील प्रमाणपत्र पुसले जाते आणि मग ११ तारीख तर जातेच, शिवाय नवे प्रमाणपत्र घेण्याचा खर्चही पडतो. पिनही अंदाजाने टाकू नये, कारण ठरावीक चुकांनंतर टोकन कुलूपबंद होते. टोकनचे सॉफ्टवेअर काढून, संगणक रीस्टार्ट करून, ते पुन्हा बसवावे. शक्य असल्यास टोकन आधी दुसऱ्या संगणकावर लावून ते मुळात ठीक आहे याची खात्री करावी. जुन्या मराठी टायपिंग प्रणालींसोबत येणाऱ्या यूएसबी लॉकची गतही अशीच असते. लॉकचा ड्रायव्हर बसला नाही की प्रणाली उघडत नाही, आणि फॉन्ट गायब असेल तर जुनी पत्रे अगम्य चिन्हांनी भरलेली दिसतात. मजकूर तिथेच असतो. ती पत्रे उघडून पुन्हा सेव्ह मात्र करू नयेत.

ड्रायव्हरने भागले नाही, तर संशयित अपडेट काढावे. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'विंडोज अपडेट', 'अपडेट हिस्टरी' या मार्गाने गेल्यावर खाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मिळते. विंडोज १० मध्ये हाच मार्ग 'अपडेट अँड सिक्युरिटी'मधून जातो. तारखेने सर्वांत अलीकडचे आणि वहीत क्रमांक असलेले अपडेटच काढावे, रीस्टार्ट करावे आणि तक्रार गेली का ते पाहावे. एका वेळी एकच अपडेट काढण्याचे कारण साधे आहे. तीन एकदम काढली आणि संगणक सुधारला, तर दोषी कोण ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तोच खेळ पुन्हा मांडावा लागतो. काही नोंदींसमोर काढण्याची सोयच नसते. अशा नोंदींच्या मागे लागू नये.

अकाउंटिंग प्रोग्रॅमच्या अपडेटचा प्रकार वेगळा आणि माझ्या दृष्टीने अधिक जोखमीचा आहे. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडताना बरेचसे प्रोग्रॅम जुना डेटा नव्या स्वरूपात बदलून घेतात आणि एकदा बदललेला डेटा जुन्या आवृत्तीत उघडत नाही. त्यामुळे नवी आवृत्ती अडखळली म्हणून जुनी बसवण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. डेटाचे फोल्डर नेमके कुठे आहे ते प्रोग्रॅममध्येच पाहावे, त्याची आजच्या तारखेच्या नावाने प्रत करून बाहेरच्या डिस्कवर ठेवावी, आणि अपडेटच्या आधीचा बॅकअप सापडतो का ते तपासावे. तो बॅकअप असेल, तर जुनी आवृत्ती आणि जुना डेटा अशी जोडी पुन्हा उभी करता येते. नसेल, तर जुन्या आवृत्तीकडे परतण्याचा विचार सोडून नव्या आवृत्तीच्या सपोर्टकडे तक्रार नोंदवणे शहाणपणाचे. एका लहान कार्यालयात मी असे पाहिले आहे की दोन टेबलांवर दोन आवृत्त्या आठवडाभर चालल्या, दोन्हींकडे बिले नोंदवली गेली आणि शेवटी ती हाताने जुळवण्यात दोन दिवस गेले. मूळ बिघाड तासाभराचा होता.

फीचर अपडेट, म्हणजे विंडोजची संपूर्ण आवृत्तीच बदलणारे अपडेट, आले असेल तर विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिकव्हरी' येथे 'गो बॅक' हा पर्याय मिळतो. तो साधारणपणे अपडेटनंतर १० दिवसच उपलब्ध असतो, कारण जुने विंडोज सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात तेवढेच दिवस ठेवले जाते. जागा भरली म्हणून 'डिस्क क्लीनअप' चालवून ते फोल्डर पुसले, तर परतीची वाट आपणच बंद केली असे होते. मागे गेल्यावर अपडेटनंतर बसवलेले प्रोग्रॅम निघून जातात. वैयक्तिक फायली राहतात असे सांगितले जाते आणि बहुतेक वेळा त्या राहतातही, तरी बॅकअप आधी घ्यावाच. २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटने काही वापरकर्त्यांच्या फायलीच पुसल्या होत्या. मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांतच थांबवावे लागले आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त करून पुन्हा द्यावे लागले.

संगणक सुरूच होत नाही

विंडोज लागोपाठ दोनदा सुरू होता होता अयशस्वी झाले, की पुढच्या वेळी ते आपोआप 'रिकव्हरी' या निळ्या पडद्याकडे नेते. तसे झाले नाही, तर विंडोजचे चिन्ह दिसू लागताच पॉवर बटण दाबून धरून बंद करणे असे दोनदा करावे. लॉगिनच्या पडद्यापर्यंत पोहोचता येत असेल, तर हा धसमुसळा मार्ग टाळून शिफ्ट दाबून ठेवत कोपऱ्यातील पॉवरच्या चिन्हातून 'रीस्टार्ट' निवडावे. दोन्हींचे फळ तेच आहे.

या पडद्यावर बऱ्याच जणांची पहिली गाठ ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी कीशी पडते आणि तिथेच गाडी अडते, म्हणून याविषयी थोडे सविस्तर सांगतो. बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची व्यवस्था. अलीकडच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा साइन-इन करताच ती अनेकदा आपोआप चालू होते आणि तिची किल्ली त्याच खात्यात जमा होते. आता लहान कार्यालयात लॅपटॉप आणल्याच्या दिवशी कोणाचे खाते वापरले जाते ते आठवावे. दुकानातून आलेल्या मुलाने पटकन स्वतःचे खाते टाकलेले असते, किंवा सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावाने ते उघडलेले असते. म्हणजे कार्यालयाच्या कागदपत्रांची किल्ली कार्यालयाबाहेरच्या माणसाच्या खिशात असते आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसते.

की मागणाऱ्या पडद्यावर तिचा ओळख क्रमांक, म्हणजे 'की आयडी', दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरे लिहून घ्यावीत. मग दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन उपकरणांच्या यादीत रिकव्हरी की पाहावी आणि आयडी जुळणारीच की टाकावी. एका खात्यात चार-पाच उपकरणांच्या किल्ल्या असू शकतात. कंपनीचे खाते असेल, तर की संगणक विभागाकडे मिळते. की कुठेच मिळाली नाही, तर मायक्रोसॉफ्टसुद्धा ती देऊ शकत नाही आणि डिस्कवरचा मजकूर गेला असेच धरावे लागते. जुलै २०२४ च्या त्या प्रसंगात पुसायची फाइल एकच होती, तरी अनेक कंपन्यांना प्रत्येक संगणकापाशी माणूस पाठवून ही की हाताने टाकावी लागली आणि दिवस त्यातच गेले.

की टाकल्यावर, किंवा ती मागितलीच नाही तर थेट, 'ट्रबलशूट' आणि मग 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडावे. इथे माऊस आणि कीबोर्डच चालत नसतील, तर आपलेच काही चुकले असे समजू नये. १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या केबी ५०६६८३५ या अपडेटने नेमका हाच प्रताप केला होता. विंडोजमध्ये व्यवस्थित चालणारे यूएसबी कीबोर्ड आणि माऊस रिकव्हरीच्या पडद्यावर मृतवत होत. २० ऑक्टोबरला दुरुस्ती आली, पण ज्यांचा संगणक विंडोजपर्यंत पोहोचतच नव्हता त्यांना ती थेट मिळणार कशी? अशा वेळी जुन्या गोल पिनेचा पीएस-२ कीबोर्ड, ज्या संगणकाला तशी जोडणी असेल तिथे, कामी येतो. माझ्या कपाटात असा एक आहे आणि तो भंगारात देण्याचा आग्रह मी तीन वेळा मोडून काढला आहे.

पर्यायांच्या पडद्यावर पहिल्यांदा 'अनइन्स्टॉल अपडेट्स' घ्यावे आणि त्यात 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट' काढावे. फीचर अपडेटच्या दुसऱ्या दिवशी संगणक पडला असेल, तरच 'लेटेस्ट फीचर अपडेट' हा दुसरा पर्याय निवडावा. याने भागले नाही, तर 'स्टार्टअप रिपेअर' चालवावे. ते फारसे काही साधत नाही असा माझा अनुभव आहे, पण अपायही करत नाही. त्यानंतर 'सिस्टिम रिस्टोर' पाहावे. अपडेटच्या आधीच्या तारखेचा रिस्टोर पॉइंट (विंडोजने त्या दिवशी जतन केलेली स्थिती) मिळाला, तर विंडोज, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम त्या तारखेला परत जातात आणि कागदपत्रांना हात लागत नाही. मात्र ही सोय अनेक संगणकांवर मुळातच बंद असते, आणि त्याचा पत्ता नेमका गरजेच्या दिवशी लागतो.

'स्टार्टअप सेटिंग्ज' निवडून रीस्टार्ट केल्यावर क्रमांकांची यादी येते. तीत ४ दाबल्यास सेफ मोड आणि ५ दाबल्यास इंटरनेटसह सेफ मोड मिळतो. सेफ मोडमध्ये विंडोज फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन उठते. तिथे संगणक व्यवस्थित चालला, तर दोष बाहेरच्या ड्रायव्हरमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते आणि तो तिथूनच काढताही येतो. सेफ मोडमध्ये नेहमीचा पिन चालेलच असे नाही, त्यामुळे खात्याचा पूर्ण पासवर्ड जवळ असावा.

मोठ्या उपायाआधी फायली बाहेर काढाव्यात

इथवर येऊनही संगणक उठला नसेल, तर पुढचे सर्व उपाय डिस्कवर मोठी उलथापालथ करणारे आहेत. म्हणून आता थांबून कागदपत्रे वाचवावीत. त्यासाठी डिस्क काढून कोणाकडे नेण्याची गरज बहुधा पडत नाही. 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्येच 'कमांड प्रॉम्प्ट' उघडावा आणि रोमन लिपीत नोटपॅड हा शब्द लिहून एंटर दाबावे. साधे नोटपॅड उघडते. त्याच्या 'फाइल' मेन्यूतून 'ओपन' निवडले की फायलींची खिडकी येते. खाली 'ऑल फाइल्स' निवडल्यावर तिच्यात सर्व ड्राइव्ह दिसतात आणि हवे ते फोल्डर उजव्या क्लिकने कॉपी करून पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करता येते. प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, पण काम चालू असते. 'कट' कधीही करू नये.

रिकव्हरीत ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीचा सी ड्राइव्ह इथे डी म्हणून दिसला, तर घाबरू नये. 'युजर्स' हे फोल्डर ज्यात आहे, तोच आपला. त्यातील डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स घ्यावेतच, पण तेवढ्यावर थांबू नये. अकाउंटिंगचा डेटा, आउटलुकच्या मेलची फाइल, विवरणपत्रे भरण्याच्या प्रणालींनी स्वतः बनवलेली फोल्डरे आणि स्कॅन केलेल्या कागदांचे फोल्डर बहुधा वेगळीकडे असतात. कॉपी झाल्यावर पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर लावून चार-दोन फायली खरोखर उघडून पाहाव्यात.

विंडोज पुन्हा बसवावे लागले तर

पुन्हा बसवण्याचे तीन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत फार महागात पडते. पहिला प्रकार असा की विंडोज कसेबसे सुरू होते, पण सतत कोसळते. अशा वेळी विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिकव्हरी' येथे विंडोज अपडेटच्या मदतीने दुरुस्ती करण्याचा 'रीइन्स्टॉल नाऊ' हा पर्याय असतो. तो फायली, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज तिन्ही जागेवर ठेवून विंडोज नव्याने बसवतो. विंडोज १० मध्ये हेच काम मायक्रोसॉफ्टचे 'मीडिया क्रिएशन टूल' वापरून, चालू विंडोजच्या आतून सेटअप सुरू करून आणि फायली व प्रोग्रॅम दोन्ही राखण्याचा पर्याय निवडून होते. कार्यालयासाठी तिन्हींत हाच उत्तम.

दुसरा प्रकार 'रीसेट धिस पीसी'. त्यात 'कीप माय फाइल्स' असा दिलासा देणारा पर्याय असला, तरी बाहेरून बसवलेले सर्व प्रोग्रॅम जातात. एखाद्या प्रणालीने आपला डेटा प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ठेवला असेल, तर तोही जाऊ शकतो. तिसरा प्रकार पेन ड्राइव्हवरून कोरे विंडोज बसवणे. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि तो तयार करताना त्यावरचे सर्व काही पुसले जाते. वर कागदपत्रे वाचवलेला पेन ड्राइव्ह यासाठी वापरू नये, हे लिहिणे हास्यास्पद वाटेल, पण संध्याकाळी सात वाजता थकलेला माणूस असे करतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकाराकडे वळण्यापूर्वी प्रत्येक प्रोग्रॅमचा सीरियल क्रमांक, परवान्याचा ईमेल आणि टोकनचे सेटअप हाती आहे का ते तपासावे. नसेल, तर तो दिवस तिथेच थांबवावा.

संगणक उठल्यावर

काढलेले अपडेट पुन्हा आपोआप बसू नये, म्हणून लगेच 'पॉज अपडेट्स' वापरावे. विंडोज १० मध्ये ३५ दिवसांपर्यंत आणि ११ मध्ये एका वेळी ५ आठवड्यांपर्यंत अपडेट्स थांबवता येतात. अपडेट्स कायमची बंद करणारी छोटी साधने इंटरनेटवर मिळतात. ती वापरू नयेत, कारण मासिक अपडेट्समध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला असून वाढीव सुरक्षा योजनेत नोंदणी केली असेल तरच त्यावर या दुरुस्त्या येतात.

विंडोजची प्रो आवृत्ती असेल, तर 'ग्रुप पॉलिसी'मधून मासिक अपडेट्स ३० दिवसांपर्यंत लांबवता येतात. मी कार्यालयांना ७ ते १० दिवस सुचवतो. तेवढ्यात मोठा दोष असेल तर त्याची चर्चा झालेली असते आणि ११ व १५ या तारखाही उलटलेल्या असतात. मात्र २० तारखेचे जीएसटीआर-३बी (जीएसटीच्या भरण्याचे विवरणपत्र) पुढे असतेच, म्हणून १० पेक्षा ७ दिवसांकडे कल ठेवावा. एक संगणक मुद्दाम या विलंबातून वगळावा. तो बिनकामाचा नसावा, पण त्याच्यावाचून दिवस निभेल असा असावा, आणि त्याला प्रिंटर, स्कॅनर, टोकन हे सर्व जोडलेले असावे. अपडेट पहिल्यांदा त्याच्यावर येईल.

त्याच दिवशी 'सिस्टिम प्रोटेक्शन' चालू करून एक रिस्टोर पॉइंट करावा, प्रत्येक संगणकाची बिटलॉकर की छापून कार्यालयाच्या तिजोरीत ठेवावी, आणि वहीत संगणकाचे नाव, केबी क्रमांक, लक्षण, केलेला उपाय आणि पॉज संपण्याची तारीख लिहावी. ती तारीख उजाडली की त्या राखीव संगणकावर एक पान छापून पाहावे, एक कागद स्कॅन करावा, टोकनने एक सही करावी, आणि या तिन्ही गोष्टी झाल्यावरच इतर संगणकांवर 'रिझ्यूम अपडेट्स' दाबावे.